हे कोणी घडवलं? मुंबई महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका

सविनय नमस्कार.

आपण रोज ज्या इमारतीत जाता तिच्या दर्शनी भागावर, अगदी वर, पंख पसरलेली एक दगडी स्त्री उभी आहे. मुंबई हे हिंदुस्थानातलं पहिलं नगर, असा तिचा दावा. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सनं तो दगडात मांडला आणि १८९३ साली इमारत पुरी झाली. समोरचं व्हीटी स्टेशन आधी बांधलेलं, तेही स्टीव्हन्सचंच. त्या स्टेशनातून रोज लाखो माणसं बाहेर पडतात, बस पकडतात, भुयारी मार्गात शिरतात. वर बघणारी फार थोडी. मी त्यांना दोष देत नाही. वर बघितलंच, तर काय बघतोय ते सांगणारं खाली काही नसतं.

मी परळच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांना घेऊन दरवर्षी फोर्टात येते. स्मृतिचित्रासाठी नजर तयार व्हावी, एवढाच हेतू असतो. मुलं मात्र कागद काढण्याआधीच विचारतात, “बाई, हे कोणी बनवलं?” उत्तर शोधायला जावं तर कोनशिला सापडते. त्यावर बसवणाऱ्याचं नाव, देणगीदाराचं नाव, उद्घाटकाचं नाव. अलीकडच्या फलकांवर तर नगरसेवकापासून वरपर्यंतची सगळी उतरंड. छिन्नी कोणाच्या हातात होती ते कुठेच नाही, आणि जे कोरलंय ते काय आहे हेही नाही. हे पत्र एवढ्याच गोष्टीसाठी आहे. शहराच्या दगडांवर काय आहे आणि ते कोणी केलं, हे तिथल्या तिथे, मराठीत, सगळ्यांना वाचता येईल असं लिहा.

महात्मा जोतिबा फुले मंडईचंच घ्या. ती आपल्या बाजार विभागाची. क्रॉफर्ड मार्केट हे जुनं नाव ज्यांच्यावरून पडलं ते आर्थर क्रॉफर्ड म्हणजे या शहराचे पहिले महापालिका आयुक्त, आपल्या खुर्चीवरचे पहिले. १८६९ साली मंडई पुरी झाली. वास्तुरचना विल्यम इमर्सनची, ज्यानं पुढे कोलकात्याचं व्हिक्टोरिया मेमोरियल केलं. पिवळसर दगड कुर्ल्याचा, तांबडा वसईचा. म्हणजे आज लोकल ज्या गावांवरून धावते त्या गावांच्या खाणीतून ही मंडई उभी राहिली. फळं घ्यायला येणारं पोर कुर्ल्यात राहत असेल, तर त्याच्याच गावचा दगड त्याच्या डोक्यावर आहे. हे त्याला कोण सांगणार?

मंडईच्या दारांवरच्या शिल्पपट्ट्या लॉकवुड किपलिंगनं केल्या. १८६५ मध्ये तो जे. जे. कला विद्यालयात शिल्पकला शिकवायला आला होता. त्या पट्ट्यांत देव नाहीत, राजेही नाहीत. शेतात आणि बाजारात राबणारी माणसं आहेत: पागोटी, ओझी, धान्य. लंडनहून आलेल्या कलाशिक्षकानं इथल्या कष्टकऱ्याकडे निरखून पाहिल्याचा तो पुरावा आहे. पुढे त्याच मंडईला नाव मिळालं जोतीरावांचं, जे शेतकऱ्याच्या बाजूनं आयुष्यभर भांडले. हा योग कोणी ठरवून आणलेला नाही, तो आपोआप जुळला. एखाद्या नाटककारालाही इतकं नेमकं सुचलं नसतं. आणि आपण तिथे काय लिहितो? पार्किंगचे दर. आतलं कोरीव कारंजं तर कित्येक वर्षं रंगाच्या थरांखाली आणि मालाच्या खोक्यांआड होतं. १८८२ साली विजेचे दिवे लागले ते याच मंडईत, देशातल्या इमारतींत सर्वांत आधी, असं मानलं जातं. हेही दारावर कुठे दिसत नाही.

किपलिंगचं नाव निघालं म्हणून एक सांगते. व्हीटीवरचं कोरीवकामही त्यानंच केलं, असं पर्यटकांना बिनदिक्कत सांगितलं जातं. तो १८७५ मध्ये लाहोरला निघून गेला, आणि व्हीटीचं काम सुरू झालं १८७८ मध्ये. तिथली पानं-फुलं, पक्षी, माकडं कोरण्यात जे. जे.च्या विद्यार्थ्यांचा हात होता आणि तेव्हा शाळेत शिकवायला जॉन ग्रिफिथ्स होता. जिथं पाटी नसते तिथं ऐकीव गोष्टी बसतात, त्या अशा. हायकोर्टाच्या खांबावर एका डोळ्यावर पट्टी बांधलेलं, हातात तराजू धरलेलं माकड आहे. खटला हरलेल्या पारशी कंत्राटदारानं न्यायदेवतेचा असा सूड घेतला, असं वकील मंडळी रंगवून सांगतात. मला ही दंतकथा आवडते. ती खरी की खोटी यात मी पडत नाही. दंतकथा म्हणून ती पाटीवर यायलाही हरकत नाही, फक्त ‘असे सांगतात’ हे दोन शब्द तिच्यापुढे असावेत.

आता नावांकडे येते. राजाबाई टॉवरची योजना सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटची. तो मुंबईत कधी आलाच नाही, नकाशे लंडनहून आले. पैसे प्रेमचंद रायचंदांचे, नाव त्यांच्या आईचं. काम १८७८ साली पुरं झालं. हे तिन्ही तपशील कोणीही सांगतो. पण टॉवरच्या कोनाड्यांत पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींची माणसं उभी आहेत, आपापल्या पेहरावात, आपापल्या पागोट्यांत. त्यांचे नमुने घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र या सहायक अभियंत्यानं. त्या काळच्या इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकांत त्याची नोंद आहे. आडनाव नाही, फक्त मुकुंद रामचंद्र. स्कॉटचा टॉवर लंडनमध्येही शोभला असता. तो मुंबईचा वाटतो तो या पुतळ्यांमुळे, असं माझं स्पष्ट मत आहे. हा माणूस किती मराठी वाचकांना माहीत आहे?

तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची इमारत, १९३६ सालची. मास्टर, साठे आणि भुता यांची रचना. तिच्या दर्शनी भागावर कित्येक मजले उंच, सरळसोट शेतकरी आणि कारागीर उभे आहेत. ही शिल्पं ना. ग. पानसरे यांची, जे. जे.मध्येच शिकलेल्या शिल्पकाराची. ब्रिटिश अमलात, ब्रिटिशांच्या बँकांच्या शेजारी, एका देशी विमा कंपनीनं आपल्या भिंतीवर शेतकरी कोरून घेतला. हे नुसतं सुशोभन नव्हतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते, या आकृतींचे खांदे बघा, मानेची रेषा बघा. घडण सरळ आहे, पण अंगात जोर आहे. इमारत तुमची नाही, विमा कंपनीची आहे, हे मला ठाऊक आहे. पण समोरचा फूटपाथ तुमचा आहे. पाटी तिथे लावता येते.

काही ठिकाणी गोष्ट दगडाच्या आत नसते, दगडाला जे झालं त्यात असते. राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी शहराला दिला. मॅथ्यू नोबलचं काम, १८७२ साली एस्प्लनेडवर बसवलं. १८९६ मध्ये एका रात्री चापेकर बंधूंनी त्याला डांबर फासलं आणि गळ्यात खेटरांची माळ घातली. दामोदर चापेकरांनी तुरुंगात लिहिलेल्या आत्मकथनात हे स्वतः सांगितलं आहे. सरकारची भलतीच तारांबळ उडाली. डाग काही केल्या निघेना. शेवटी रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी तो काढला. पुढच्याच वर्षी, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. ही राणी आता भायखळ्याला, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात बसली आहे. १९६५ मध्ये शहरातले इंग्रजी पुतळे रस्त्यांवरून हलवले, त्यांतली काही इतर मंडळी सोबतीला आहेत. राणीच्या बागेत पेंग्विन बघायला आलेल्या कुटुंबाला तिथे एका फलकावर डांबराची ही हकीकत वाचायला मिळाली, तर मुलं पेंग्विन सोडून तिकडे वळतील. निदान माझी वळतील.

त्याच पुतळ्यांत काळा घोडाही आहे. अल्बर्ट अब्दुल्ला ससूननं शहराला दिलेला सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, तेव्हा तो युवराज होता. स्वार आणि घोडा दोघेही हलवले, तरी फोर्टातल्या त्या जागेला लोक काळा घोडाच म्हणत राहिले. घोड्याशिवाय पन्नास वर्षं! २०१७ मध्ये तिथे नवा घोडा आला. कल्पना वास्तुरचनाकार अल्फाज मिलर यांची, शिल्प श्रीहरी भोसले यांचं. या घोड्यावर स्वार नाही. स्वार का नाही, यावर आमच्या वर्गात मारामारीच्या बेताला आलेली चर्चा होते. सार्वजनिक कला म्हणजे हीच.

आणि हुतात्मा चौक. तिथल्या कारंजावरची फ्लोरा ही फुलांची रोमन देवता. कारंजं १८६४ चं, आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉचा. खरं तर ते भायखळ्याच्या बागेसाठी होतं. जुन्या किल्ल्याचा कोट पाडून झाला आणि ते मोकळ्या झालेल्या जागी आलं. त्याच ठिकाणी २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी आलेल्या माणसांवर पोलिसांनी गोळीबार केला. आज मशाल धरलेले शेतकरी-कामगार आणि फुलांची देवी शेजारी शेजारी उभे आहेत. कारंजाचं जतनकाम आपल्याच महापालिकेनं २०१९ मध्ये पुरं केलं आणि खोदताना ट्रामचे रूळ सापडले, तेही दाखवायला ठेवले. याबद्दल मनापासून आभार. फूटपाथखाली गाडले गेलेले, सेंट थॉमस कॅथेड्रलपासून अंतर सांगणारे जुने मैलाचे दगड वर काढले, पाणपोया दुरुस्त केल्या, मुख्यालयात हेरिटेज वॉक सुरू केला, हेही आम्ही पाहिलं. जतनाच्या बाबतीत मुंबई मागे नाही. १९९५ मध्ये वारसा नियमावली करणारं हे देशातलं पहिलं शहर. गॉथिक आणि आर्ट डेको अशा ९४ इमारतींच्या समूहाला २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. दगड वाचवायला आपण शिकलो. त्यांच्याबद्दल बोलायला मात्र अजून लाजतो, किंवा फक्त इंग्रजीत बोलतो.

दुकानदारानं मराठी पाटी लावली नाही तर महापालिका दंड करते. योग्यच करते. मग आपली स्वतःची पाटी? सुटीच्या दिवशी फोर्टात चालणाऱ्या सहली बहुतेक इंग्रजीत असतात, शुल्कही माझ्या शाळेतल्या पालकांना परवडणारं नसतं. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी डोक्यावर पाटी वाहून हे शहर बांधलं, त्यांच्याच पोरांना त्याची गोष्ट परक्या भाषेत आणि पैसे मोजून ऐकावी लागते. हे मला खटकतं.

म्हणून काही ठोस मागण्या. पाटी मोठी नको. दहा-बारा ओळी, मराठी आधी, सहावीतल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. त्यात कोणी योजलं, कोणी कोरलं, दगड कुठला, कोरलंय काय आणि नंतर काय घडलं, इतकंच. शिल्पकाराचं नाव सापडत नसेल तर तसं लिहा: ‘पाथरवटांची नावे नोंदलेली नाहीत.’ हे वाक्यही माणसाला थांबवतं. क्यूआर कोड चिकटवून मोकळं होऊ नका. सहा महिन्यांत त्यावर क्लासची जाहिरात चिकटते. यापुढे जतनाच्या प्रत्येक निविदेत या मजकुराचा खर्च धरा. आणि आज जे पाथरवट, सुतार, गवंडी परांचीवर उभे राहून हे दगड पुन्हा बसवतात, त्यांची नावं काम संपल्यावर पाटीवर घ्या. नाहीतर दीडशे वर्षांनी दुसरी कोणी बाई हेच पत्र लिहील.

नव्या कामांनाही हाच नियम लावा. उड्डाणपुलांच्या खांबांवर चित्रं रंगवली जातात, चौकांत फायबरचे मासे आणि फुलपाखरं उभी राहतात. त्यांतली बरीच कामं वाईट आहेत, असं मी म्हणाले तर माझे सहकारी रागावतील, पण म्हणते. खाली कलावंताचं नाव आणि ‘हे इथेच का’ याची एक ओळ लिहायची सक्ती झाली, तर निम्मी कामं मंजुरीच्या टेबलावरच अडखळतील.

यावर कोणी म्हणेल, दक्षिण मुंबईचेच लाड का? रास्त आहे. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमधलं वस्त्रोद्योग संग्रहालय लवकर पुरं करा. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी पाडून टॉवर होत आहेत. तिथल्या लाकडी जिन्यांची, सामाईक गॅलऱ्यांची नोंद पाटीवर यायची वेळ हीच आहे, कारण पाटी लावायला पुढे जिनाच नसेल. सुरुवात मात्र आपल्या ताब्यातल्या जागांपासून करा, म्हणजे कोणाची परवानगी मागत बसावं लागणार नाही. फुले मंडई, मुख्यालय, हुतात्मा चौक, भायखळ्याचे पुतळे, पाणपोया.

मंडईच्या पाटीचा मराठी मसुदा मी या पत्रासोबत आपल्या हेरिटेज विभागाकडे पाठवत आहे. एका पानाचा आहे. जाणकारांकडून तपासून घ्यावा, चुका असतील तर कापाव्यात. दिवाळीनंतर मुलांना घेऊन मी तिथे चित्रं काढायला येणार आहे. तोवर निदान एक तरी पाटी लागली तर बरं होईल.

आपली विश्वासू,
एक कलाशिक्षिका, परळ