आजीच्या बैठकीविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

काल तू पाठवलेला फोटो रात्री झोपेपर्यंत पुन्हा पुन्हा पाहिला. काकांनी घडवलेलं आजीच्या चेहऱ्याचं ब्राँझचं मस्तक शेवटी तुझ्या घरी आलं, याचा मला किती आनंद झालाय ते फोनवर नीट सांगता आलं नाही. इतकी वर्षं ते गोणपाटात गुंडाळून माळ्यावर पडलं होतं, आणि आपण दोघं जिन्याखाली खेळत होतो. ब्राँझवर थोडी हिरवट झाक आली आहे ती राहू दे, घासायला जाऊ नकोस.

तुझा प्रश्न बैठकीचा, म्हणजे मस्तक कशावर ठेवायचं याचा. दुकानात तयार मिळणारा चार फुटी पांढरा संगमरवरी खांब घेऊ का, म्हणतोस. नको घेऊस. का ते सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट उंचीची. काका हे मस्तक करत होते तेव्हा आजी झोपाळ्यावर बसलेली असायची आणि काका समोर स्टुलावर. दोघांचे डोळे एका पातळीत. त्या चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती त्या नजरेतून घडली आहे, त्यामुळे तो तिथूनच खरा दिसतो. आता हिशेब बघ. मस्तकाच्या बुडापासून डोळे नऊ इंचांवर आहेत. चार फुटी खांबावर ठेवलंस तर ते पावणेपाच फुटांवर जातील. तुझ्या दिवाणखान्यात उभं कोण राहतं? सगळे बसतात, आणि बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून पावणेचार फुटांच्या आसपास असतात. म्हणजे बैठक हवी तीन फुटांची. एका फुटाचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण त्या एका फुटात आजीची पुढारी होते. सगळ्यांनी मान वर करून तिच्या हनुवटीखालची सावली बघायची! आपण तर तिच्यासमोर मांडी घालून बसायचो.

फ्रेंच शिल्पकार रोदँच्या ‘कॅलेचे नागरिक’ या शिल्पाचं असंच झालं होतं. गळ्यात दोर अडकवून मरणाला सामोरी जाणारी ती सहा माणसं रस्त्यावरच्या माणसांच्या बरोबरीने उभी असावीत, असं त्याच्या मनात होतं. 1895 मध्ये कॅले गावाने ती उंच चौथऱ्यावर चढवली. ती खाली आली 1924 मध्ये, रोदँ गेल्यानंतर सात वर्षांनी. चौथरा वाईट असतो असं नाही म्हणत मी. शिल्पकार करमरकरांचा पुण्यातला अश्वारूढ शिवाजी उंचावरच शोभतो, लांबून माणसं गोळा व्हावीत म्हणून तो केलाय. पण त्याच करमरकरांच्या अलिबागजवळच्या सासवण्याच्या घरी आपण गेलो होतो, आठवतं? तिथल्या शिल्पांतल्या चेहऱ्यांच्या किती जवळ जाता आलं होतं! आणि आपल्या विठोबाची बैठक काय, तर एक वीट. पुंडलिकाने हाताशी होती ती टाकली. तिच्यावर तो उभा राहिला आणि वारकऱ्याला त्याच्या पायांवर डोकं टेकता आलं.

संगमरवराला माझा दुसरा आक्षेप असा की, गडद ब्राँझखाली चकचकीत पांढरा दगड आला की डोळा आधी दगडावर जातो आणि चेहरा काळवंडून मागे सरतो. त्यात शिरा असल्या तर त्या सुरकुत्यांशी भांडतात. उलट, रंग फार जुळला तरी शिल्प बुडतं. माझ्याकडची काळ्या दगडातली बसलेली बाई मी हौसेने पॉलिश केलेल्या काळ्या ग्रॅनाइटवर ठेवली होती, तर ती संध्याकाळनंतर दिसेनाशीच व्हायची.

त्या बाईचं दुखणं तुला कधी सांगितलं नाही. ती बसवणाऱ्या गवंड्याने आत साधी लोखंडी सळी घातली. दोन पावसाळे गेले, बुडाशी तपकिरी ओघळ दिसला, मग केसाएवढी चीर. लोखंड गंजलं की फुगतं आणि दगडाला आतून फोडतं. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराच्या संगमरवराचंसुद्धा जुन्या डागडुजीतल्या लोखंडी पट्ट्यांनी असंच नुकसान केलं. मी बघत उभा होतो, विचारलं असतं तर ती चीर पडली नसती. अजून रोज हात फिरवताना बोटाला लागते. म्हणून तुला हात जोडून सांगतो, लोखंड नको आणि डिंकासारखं काही कायमचं चिकटवणंही नको. मस्तक आतून पोकळ आहे, मानेत आटे असतीलच. पितळी बोल्ट खालून फळीतून घ्यायचा, म्हणजे उद्या काढावंसं वाटलं तर काढता येईल.

आता मला सुचलेलं सांगतो. गावच्या घराची ओसरी उतरवली आणि खांब अंगणात पडून आहेत, असं तूच म्हणालास. त्यातला एक खांब आणि त्याच्याखालचा दगडी तळखडा घेऊन ये. तळखडा आठ इंच उंच आणि फूटभर चौरस असेल, म्हणजे पन्नास किलोच्या घरात जाईल. एवढं वजन तळाशी असलं की नातवंडं धडकली तरी काही हलणार नाही. त्याच्यावर सत्तावीस इंच खांब आणि वर इंचभर फळी, झाले तीन फूट. खांबाचं कुसू, म्हणजे बुडाचं कोरलेलं टोक, तळखड्याच्या खोबणीत बसतंच, नवं काही करायला नको. टाकी मारलेला काळा दगड राखाडी दिसतो, जुनं सागवान मधासारखं, त्यावर ब्राँझ उठून दिसेल. ब्रांकुशी हा शिल्पकार स्वतःच्या शिल्पांखाली असेच दगड-लाकडाचे थर स्वतः घडवून रचायचा, बैठकही त्याला शिल्पाइतकीच महत्त्वाची वाटायची.

घाई मात्र करू नकोस. आधी आठ दिवस मस्तक स्टुलावर पुस्तकं रचून ठेव. भक्कम रच म्हणजे झालं. सकाळी खिडकीचा उजेड गालावर आडवा पडतो का बघ. थेट डोक्यावरचा दिवा नको, डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात.

आणि सुतार खांब कापायला येईल तेव्हा तू तिथे थांब. तो वरचा, न झिजलेला भाग चांगला म्हणून काढेल. आपल्याला खालचा हवाय. बुंध्याला कसर लागली नाही ना तेवढं टोचून बघ. दुपारी निवडणटिपण करताना आजी ज्या खांबाला टेकून बसायची तोच शोध, दाराच्या उजव्या हाताचा. खालून फूट-दीड फुटावर लाकूड तिच्या पाठीने गुळगुळीत झालंय आणि त्याच्या वर तेलाचा डाग आहे. ती बाजू तिच्या पाठीमागे येईल अशी बसव.

रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. मेण मी आणतो, खांबाला दोघं मिळून लावू.

तुझाच,
मित्र