डेंग्यूनंतर गळणाऱ्या केसांबद्दल, रंजूला

नागपूर,
२४ नोव्हेंबर २०२५

प्रिय रंजू,

परवा व्हिडिओ कॉलवर तू हातातला केसांचा पुंजका दाखवलास आणि एकदम रडायलाच लागलीस. समोर खुर्चीवर गिऱ्हाईक बसलेलं, त्यामुळे मला दोन शब्दही धड बोलता आले नाहीत. आज सोमवार, पार्लर बंद आहे. फोनवर तू मधेच बोलतेस आणि मी विसरते, म्हणून सगळं लिहूनच काढते.

टक्कल पडेल का, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. टक्कल पडणार नाही. तू जे सांगितलंस त्यावरून तरी नाही.

तारखा बघ. ऑगस्टच्या शेवटी तुला डेंग्यू झाला, पाच-सहा दिवस ताप उतरला नाही. केस जायला लागले दिवाळीनंतर. म्हणून तुला ताप आठवतच नाही आणि तू शाम्पूला, पुण्याच्या पाण्याला, टेन्शनला दोष देत बसली आहेस. डोक्यावरचा प्रत्येक केस आपापल्या वेळापत्रकाने चालतो. दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत वाढ थांबते, मग साधारण तीन महिने नुसता मुळाशी बसून राहतो आणि गळतो. त्याच मुळातून नवा येतो. एरवी दहातले जवळपास नऊ केस वाढीच्या काळात असतात, म्हणून रोज पन्नास ते शंभर गेले तरी कळत नाही. डोक्यावर लाखभर असतात. पण मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, उपाशी राहून केलेलं डाएट, यातलं काही झालं की पुष्कळ केस एकाच वेळी वाढ थांबवतात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. डॉक्टर याला टेलोजेन इफ्लुव्हियम म्हणतात. महत्त्वाचं हे, की यात मूळ मरत नाही. तुझ्या हातात आलेल्या केसाच्या टोकाला पांढरा ठिपका दिसतो ना, ते मूळ उपटून आलेलं नाही. विश्रांतीतल्या प्रत्येक केसाला तसं टोक असतं.

बाळंतपणानंतर चौथ्या महिन्यात अशाच रडत आलेल्या किती मुली मी या खुर्चीवर बसवल्या आहेत! गळणं बहुधा सहा महिन्यांच्या आत थांबतं. वेणीची जाडी मात्र सावकाश येते, कारण केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. खांद्यापर्यंत पोचायला दोन वर्षं लागतात, आणि जगातलं कुठलंच तेल ते दोन महिन्यांत करून देत नाही. सकाळी खिडकीशी उभी राहून कपाळाची कड बघ. बारीक, उभे राहणारे, टोकाला निमुळते केस दिसू लागले की समज, काम सुरू झालं.

हे मात्र वेगळं: भांग दिवसेंदिवस रुंद होत चालला, रुपयाएवढी गोल चाई पडली, डोक्यात खवले किंवा फोड आले, किंवा सहा महिन्यांनंतरही गळणं तसंच राहिलं, तर माझं ऐकत बसू नकोस, स्किनच्या डॉक्टरांकडे जा. तुझ्या ऑफिसातल्या मुलीने सांगितलेलं मिनॉक्सिडिलसुद्धा त्यांनी दिलं तरच. ते भांग रुंद होण्याच्या आजाराचं औषध आहे, चांगलं आहे, पण सोडलं की आलेले केस पुन्हा जातात. तुझ्या तापानंतरच्या गळण्यावर ते स्वतःहून सुरू करण्यात अर्थ नाही.

आता त्या केसांच्या गोळ्या. तीन वेगवेगळ्या डब्या एकदम सुरू केल्यास हे ऐकून मला खरंच भीती वाटली. आपल्या विदर्भातलंच सांगते. याच वर्षी जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये लोकांचे केस दोन-चार दिवसांत हातात यायला लागले. बायका, पुरुष, मुलं, सगळेच. आधी पाण्यावर संशय गेला, आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेची पथकं आली. नंतर डॉ. हिंमतराव बावस्करांनी तपासण्या करून रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. सेलेनियम शरीराला लागतं, पण अगदी कणभर. जास्त झालं की त्यानेच केस जातात. अ जीवनसत्त्वाचंही तसंच. आणि केसांच्या कितीतरी गोळ्यांमध्ये ही दोन्ही असतात! तीन डब्या मिळून तुझ्या पोटात किती जातंय ते कोणी मोजलंय का? तिन्हींची लेबलं फोटो काढून डॉक्टरांना दाखव, आणि तोवर बंद ठेव.

बायोटिन, म्हणजे केसांच्या गोळ्यांतलं ब गटातलं जीवनसत्त्व, कमी पडणारी माणसं फार थोडी असतात. शिवाय बायोटिन घेतलेलं असलं की थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात, म्हणून रक्त द्यायच्या आधी किती दिवस थांबायचं ते विचारून घे. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरात साठलेलं लोह), टीएसएच (थायरॉइड), बी-१२ आणि डी जीवनसत्त्व एवढ्या तपासण्यांबद्दल डॉक्टरांशी बोल. दवाखान्यात भरती असताना काढलेला फेरिटिनचा रिपोर्ट धरू नकोस. तापात तो आकडा उगाच वाढलेला दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ च्या, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांचं रक्त कमी निघालं होतं. तुला पाळी जोरात जाते हे मला शाळेपासून माहीत आहे, म्हणून लोहाबद्दल मी इतकी मागे लागते आहे. कमी निघालं तर लोहाची गोळी घे, ती खरी उपयोगाची.

आणि जेव गं बाई. काकू सांगत होत्या, तापानंतर तुझं दुपारचं जेवण म्हणजे चहा आणि खारी. केस प्रथिनाचाच बनलेला असतो. शरीराला कमी पडलं की ते आधी केसांचं बंद करतं, कारण केसांवाचून जीव अडत नाही. दोन्ही वेळा ताटात वाटीभर घट्ट वरण, उसळ किंवा अंडी हवीतच. सध्या इकडे बाजारात हरभऱ्याची कोवळी भाजी यायला लागली आहे, आंबिया बहाराची संत्री आहेत, आवळे आहेत. पालेभाजी-डाळीतलं लोह अंगी लागायला आंबट फळ सोबत लागतं, आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा तेच लोह अडवतो. चहा तासाभराने पी. भाऊ रविवारी येतोय, त्याच्याबरोबर संत्र्यांची पिशवी आणि जवसाची चटणी पाठवते. चटणीने केस वाढतील असं मी म्हणत नाही, तिच्या निमित्ताने दोन घास जास्त जातील.

कांद्याचं तेल ठेवून दे. तुझ्या डोक्याला आग होते म्हणालीस ना, मग झालंच. तेल मुळाला खाऊ घालतं हे आपण लहानपणापासून ऐकलं, पण मूळ जेवतं रक्तातून. तेलाचा उपयोग बाहेर आलेल्या केसाला. त्यातही साधं खोबरेल सगळ्यांत बरं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल असं तिन्ही लावून पाहिलं, तर केसातलं प्रथिन धुऊन जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं. त्यातलं लॉरिक ॲसिड केसाच्या आत शिरतं, बाकीची वर राहतात. म्हणून धुण्याच्या आदल्या रात्री लांबीला आणि टोकांना लाव, थोडंच. टाळूवर थापू नकोस, कारण थंडीत तुला कोंडा होतो, आणि कोंड्यातली बुरशी तेलावरच जगते. कोंडा झालाच तर किटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, तीन-चार मिनिटं ठेवून धू.

केस जातात म्हणून तू आठ-आठ दिवस डोकं धूत नाहीस, ते सोड. मोरीत दिसतात ते केस आधीच सुटलेले असतात, धुतलं नाही तर चार दिवसांनी एकदम जास्त दिसतात, एवढंच. दोन-तीन दिवसांआड धू. शाम्पू टाळूला, कंडिशनर लांबीला, पाणी कोमट. तुमच्याकडे टँकर किंवा बोअरचं पाणी येतं तेव्हा डोक्याला साबण अजिबात नको. जड पाण्यात त्याचा चिकट थर केसांवर बसतो. शिकेकाई आवडत असेल तर उकळून, गाळून घे.

ओले केस सर्वांत कच्चे असतात. काकू अंगणात आपल्या केसांना पंच्याने फटके मारून पाणी झटकायच्या, आठवतं? तू अजून तसंच करतेस, मी दिवाळीत पाहिलं. नुसतं दाबून टिपून घे, जुन्या सुती टी-शर्टने. मग मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकांपासून वर वर ये.

आणि ते घट्ट रबर! रंजू, माझ्या खुर्चीत बसणाऱ्या पंचविशीतल्या पोरींचं कपाळ मागे सरकलेलं दिसतं तेव्हा फार वाईट वाटतं. सकाळी ओल्या केसांचा ताणून पोनीटेल, त्यावर स्कार्फ करकचून, त्यावर हेल्मेट, आणि बर्डी ते हिंगणा एमआयडीसी रोज जाणं-येणं. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर, स्कार्फ तर हवाच, हेल्मेटही हवंच. पण खाली केस सैल आणि कोरडे असले पाहिजेत. कपाळाकडचा आणि कानाजवळचा केस रोज ओढला गेला की काही वर्षांनी मूळच हार मानतं, आणि ते गेलेलं परत येईल याची खात्री नाही. तापाने गेलेला केस परत येतो, ओढून घालवलेल्याचं तसं नाही. तू रात्री सैल वेणी घाल, दिवसा कापडाचं रबर वापर, आणि बांधायची जागा बदलत राहा.

आता तुला न आवडणारं. पिंकीच्या लग्नाआधी तुझं स्मूदनिंग, म्हणजे क्रीम लावून गरम इस्त्रीने केस सरळ करणं, मी करणार नाही. माझ्या पार्लरमधलं ते सगळ्यांत जास्त पैशाचं काम आहे, तरी तुला नाही. अशा पुष्कळ क्रीममधून गरम इस्त्रीखाली फॉर्मल्डिहाइड सुटतं. फॉर्मल्डिहाइड नाही म्हणून विकल्या जाणाऱ्यांपैकी काहींत ग्लायऑक्झिलिक ॲसिड असतं, आणि ते टाळूतून शिरून मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केल्या आहेत. आत्ताच आजारातून उठलेल्या बाईच्या डोक्यावर मी ते घालणार नाही. दुसऱ्या कुणाकडूनही करून घेऊ नकोस, एवढं माझं ऐक.

त्याऐवजी जानेवारीत ये, खालची विरळ झालेली तीन-चार बोटं कापू. कापल्याने केस वेगाने वाढत नाहीत, पण टोकं सारखी झाली की भरलेले दिसतात. लग्नाच्या दिवशी सैल अंबाडा घालते, वर शेवंतीची वेणी. भांग एका बाजूला घेतला की विरळपणा झाकतो. हळदीच्या दिवशी तेल लावू नकोस, पिना सरकतात.

फेरिटिन आणि टीएसएचचे आकडे आले की मला पाठव, आणि त्या तीन डब्यांचे फोटोही. भाऊजींना नमस्कार, चिऊला खूप पापे.

तुझीच,
वंदना