जुन्या सोडा यंत्राला सुटलेला घाम

ह्यूस्टन, टेक्सास
14 सप्टेंबर

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन महिना उलटला. उत्तराला उशीर झाला तो गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या त्या लाल यंत्रामुळे. कॅन्सस सिटीच्या व्हेंडो कंपनीने 1950च्या दशकात बनवलेले, 81 बाटल्या पोटात घेऊन गार करून विकणारे ते सोडा यंत्र मी गेल्या हिवाळ्यात आणले, हे तुला ठाऊक आहेच. थंडीचे दिवस होते तोवर ते निमूट चालले. जून लागला आणि दाराच्या कडेने पाण्याचे ओघळ येऊ लागले, बाहेरचा पत्रा हाताला ओला लागू लागला आणि रोज सकाळी पायाशी थारोळे दिसू लागले. तू चिपळूणसारख्या दमट गावात इतकी वर्षे फ्रिज दुरुस्त करतो आहेस, म्हणून काय काय केले ते तुला सविस्तर कळवावेसे वाटते.

आरंभी मी चुकलो. पाणी आतूनच गळते आहे असे धरून मी नळी साफ केली, ट्रे बदलला, आणि बाटल्या पुरेशा गार होत नाहीत म्हणून थर्मोस्टॅट आणखी खाली नेला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तसा तो प्रकार झाला, कारण पत्रा अधिक गार झाला आणि घाम वाढला. मग एका दुपारी गॅरेजमधले तापमान आणि आर्द्रता मोजली. हवा 32 अंश सेल्सियस आणि आर्द्रता 70 टक्के होती. अशा हवेचा दवबिंदू 26 अंशांच्या आसपास येतो, म्हणजे त्याहून गार असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी धरणारच. माठ पाझरतो तेव्हा पाणी माठातले असते. बर्फाचे पाणी भरलेल्या तांब्याला बाहेरून सुटणारे पाणी मात्र सगळे हवेतले असते. माझे यंत्र माठ नव्हते, तांब्या होते. त्या दिवसापासून पाणी पुसणे सोडले आणि हवा कोठून शिरते ते शोधू लागलो.

रात्री गॅरेजमधला दिवा मालवला, पेटती विजेरी यंत्रात ठेवली आणि दार लावून घेतले. बिजागरीच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात प्रकाशाची एक बारीक रेघ स्वच्छ दिसली. मग एक डॉलरची नोट दारात धरून दार लावायचे आणि ती ओढून पाहायची, असे हाताहाताच्या अंतरावर सगळ्या चौकटीभोवती केले. खाली नोट घट्ट धरली जात होती. वर ती सहज सरकत होती. गॅस्केटचे, म्हणजे दाराच्या कडेने फट बुजवणाऱ्या पट्टीचे, रबर लाकडासारखे कडक झाले होते आणि दारही आपल्या वजनाने किंचित उतरले होते. बिजागरीखाली पातळ वॉशर घालून दार उचलले. नवे गॅस्केट घडी पडून आले होते, ते कोमट पाण्यात ठेवून सरळ होऊ दिले आणि मगच बसवले.

पण खरे दुखणे पत्र्याच्या आत होते. दाराचा आतला पत्रा सोडवला तेव्हा मागची काचलोकर काळपट पडून तळाशी बसलेली दिसली. मूठभर उचलून पिळली तर बोटांतून पाणी गळले, आणि वरच्या निम्म्या भागात लोकरच उरली नव्हती. माझ्याआधी कोणी तरी या यंत्राला रंगरंगोटी करून ते नव्यासारखे केले होते, पण ही लोकर तशीच ओली आत कोंडून ठेवली होती. याचे मला फार वाईट वाटले. काचलोकर उष्णता अडवते ती तिच्यात कोंडलेल्या हवेच्या जोरावर. त्या हवेच्या जागी पाणी भरले की ती जवळजवळ निरुपयोगी होते.

सगळी लोकर काढली, आतला गंज घासून रंग दिला, दोन दिवस पंखा लावून सगळे वाळवले आणि दाट पॉलिस्टायरीनचे तक्ते मापाने कापून बसवले. सांध्यांवर अॅल्युमिनियमची चिकटपट्टी लावली, तीही बाहेरच्या, म्हणजे गरम बाजूला. कारण बाष्प गरम बाजूकडून थंड बाजूकडे येते आणि त्याला तेथेच अडवावे लागते. आतली बाजू मुद्दाम मोकळी ठेवली, म्हणजे चुकून ओल शिरलीच तर ती आत ओढली जाऊन कॉइलवर, म्हणजे गारवा देणाऱ्या वेटोळ्या नळीवर, गोठेल आणि नळीवाटे निघून जाईल. फुगणारा फोम मारून काम एका तासात उरकण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला होता. तो मी मानला नाही. तो फुगताना जुना पत्रा बाहेर ढकलू शकतो, आणि पुढे वायर बदलायची वेळ आली तर खरवडून काढण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

बाकीची कामे किरकोळ होती. गारवा आणणाऱ्या गॅसच्या नळ्या पेटीत शिरतात तेथील भोक बुजवणारी पुटी तडकली होती, ती नवी भरली. गॅस कंप्रेसरकडे परत नेणाऱ्या गार नळीवर फोमचे आवरण चढवले. पाणी बाहेर नेणारी नळी सरळ होती आणि तिच्यातूनही हवा आत ओढली जात होती, म्हणून तिला खाली वळसा दिला. त्या वळशात थोडे पाणी साचून राहते आणि हवेची वाट बंद होते. गॅसच्या बंद मार्गाला मात्र हात लावला नाही. कंप्रेसर ठणठणीत आहे आणि तो मार्ग उघडायला येथे परवाना लागतो. ओल आणि जुनी वायर यांचा संग नको, म्हणून दोन पिनांची वायर काढून अर्थिंगसह तीन पिनांची घातली.

आता आत 3 ते 4 अंश तापमान राहते, पूर्वी अखंड घुरघुरणारा कंप्रेसर मधून मधून थांबतो आणि फरशी कोरडी आहे. फक्त वरच्या त्या कोपऱ्यात, पाऊस पडून गेल्यावर, बोटभर लांबीची दवाची रेघ अजून उमटते. तेथे नोट घट्ट बसते, विजेरीचा उजेडही दिसत नाही. दाराची पितळी खिटी चौकटीतून आरपार गेली आहे, तिच्यावाटे गारवा बाहेर येत असावा असा माझा तर्क आहे. तुझ्याकडच्या जुन्या फ्रिजना अशा जागी तू काय घालतोस, ते अवश्य लिही. तुझे उत्तर येईपर्यंत मी तो कोपरा पुन्हा उघडणार नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा,
अविनाश