सिडनीतलं ते घर नक्की कोणाचं?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला सिडनीवरचा लेख वाचला, फोटो पण मस्त होते, पण द रॉक्स भागाबद्दल लिहिताना लेखकाने "विल्यम डेव्हिसच्या घरात इथल्या कॅथलिकांची पहिली प्रार्थना झाली" असं एका वाक्यात उरकून टाकलंय, त्यावर थोडं बोलायचंय. मी मूळचा वसईचा, सध्या मुलाकडे सिडनीत असतो आणि तिथल्याच सेंट पॅट्रिक चर्चला मिस्सेला (आम्हा कॅथलिकांची मुख्य उपासना) जातो, म्हणून राहवलं नाही.

पहिलं म्हणजे "पहिली" हेच चुकीचं. १८०३ च्या मे महिन्यात फादर जेम्स डिक्सन यांनी इथे सरकारी परवानगीने मिस्सा केली होती, आणि ते स्वतः १७९८ च्या ब्रिटिशांविरुद्धच्या आयरिश बंडानंतर काळ्या पाण्यावर पाठवलेले कैदी! पुढच्याच वर्षी सिडनीजवळच्या कॅसल हिलला आयरिश कैद्यांनी उठाव केला आणि ती परवानगी गेली.

घराची गोष्ट त्यानंतरची. १८१७ ला फादर जेरेमाया ओफ्लिन आले, लंडनची परवानगी हातात नाही, मागून येतेय म्हणाले. इथल्या ब्रिटिश वसाहतीचा गव्हर्नर मॅक्वारी असं थोडंच ऐकून घेणार, १८१८ च्या मे मध्ये पकडून सरळ बोटीत बसवलं. या गडबडीत पवित्र साक्रामेंत मागेच राहिलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मिस्सेत फादर जी भाकर अर्पण करतात ती आमच्या श्रद्धेने साक्षात प्रभूच, चर्चमध्ये तिच्यासमोर दिवा तेवत असतो. आणि इथे ना चर्च ना फादर, ती राहिली कोणाच्या तरी घरात, सीडरच्या लाकडाच्या कपाटात असं सांगतात, आणि लोक तिथे जमून आपली आपण जपमाळ म्हणायचे. १८२० च्या मे मध्ये फादर थेरी आणि फादर कॉनोली येईपर्यंत असंच चाललं, म्हणजे तब्बल दोन वर्षं.

पण घर कोणाचं? एक परंपरा सांगते डेव्हिसचं, चर्च हिलवरचं. डेव्हिस लोहार, १७९८ च्या बंडवाल्यांना भाले बनवून दिले म्हणून इकडे पाठवलेला. दुसरी परंपरा सांगते केंट स्ट्रीटवरच्या जेम्स डेम्पसीचं, तोही १७९८ चाच बंडवाला, त्याच्या घरी कॅथलिक लोक प्रार्थनेला जमायचे. इतिहासकारांमध्येही दोन्ही बाजूची माणसं आहेत. आता डेव्हिसचं नाव जास्त का चालतं, तर मला वाटतं सोपं आहे. चर्च हिलवरच्याच सेंट पॅट्रिक चर्चला जागा त्याने दिली, १८४० ला पायाभरणी झाली, १८४४ ला चर्च उघडलं (बिचारा त्याआधीच गेला). चर्च डोळ्यासमोर उभं असल्यावर लोक सगळ्याच आठवणी तिथेच नेऊन ठेवतात, आमच्या वसईत पण हेच, मोठ्या घराण्याच्या वाड्यातला आल्तार (वेदी) सगळ्यांना माहीत, आणि शेजारच्या कौलारू घरात रोज संध्याकाळी अख्खी आळी तेर्सला (जपमाळेला) बसायची ते कोणी लिहून ठेवत नाही. डेम्पसीचं घर आज नाही, त्याच्या जागेवर चर्चही नाही, मग त्याच्या बाजूने बोलणार कोण?

डेव्हिसचं श्रेय काढून घ्यायचं असं अजिबात नाही हां. ओफ्लिनला त्याने आपल्या घरी लपवलं होतं असं सांगतात आणि तेवढ्यावरून सुद्धा माणूस काय धाडसाचा होता ते कळतं. शिवाय कपाट एकाच घरात असलं तरी प्रार्थनेला लोक एकाच घरी जमत असतील असं कुठे आहे? माझ्या मते दोन्ही घरं खरी असू शकतात, फक्त एकच नाव ठोकून देऊ नये.

आणि लेखात सुटलेली एक गंमत. ओफ्लिनला हाकललं ते प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटमध्ये गाजलं, मग सरकारनेच अधिकृत फादर पाठवले आणि १८२१ ला सेंट मेरीज चर्चची कोनशिला बसवली कोणी, तर त्याच मॅक्वारीने!

पुरवणीत पुन्हा सिडनीवर काही छापलंत तर कृपया डेव्हिस आणि डेम्पसी दोघांची नावं द्या. आणि इथे फिरायला येणाऱ्यांनी विनयार्ड स्टेशनला उतरावं, ग्रोव्हनर स्ट्रीटवरचं सेंट पॅट्रिक बघावं आणि मग केंट स्ट्रीटवरही एक चक्कर मारावी, जवळच आहे, बघायला ऑफिसच्या बिल्डिंगा सोडून फार काही नाही तरीपण.

आपला नियमित वाचक,
एक वसईकर, सध्या सिडनी