टाळ्यांसाठी जोडलेली शेवटची ओळ

मा. संपादक,

महिला दिनाच्या आसपास कॉलेजांतून काव्यवाचनाच्या स्पर्धा होतात. गोरा रंग, बारीक कंबर यांच्या सक्तीवर मुली तिथे पोटतिडकीने लिहितात, पण बहुतेक कविता नुसत्या रागावून संपतात. उपरोध कसा साधायचा हे त्यांना सहसा कुणी सांगत नाही.

व्याजस्तुती अलंकार शाळेत पाठ करून घेतात : वरून स्तुती, आतून निंदा. सौंदर्याची सक्ती नेहमी कौतुकाच्याच तोंडाने बोलते, म्हणून तिला हाच अलंकार लागू पडतो. सोलापूरचेच शाहीर राम जोशी यांच्या 'सुंदरा मनामध्ये भरली'मधला रूपवर्णनाचा थाट अजून कानात आहे. तो थाट मोडायचा नाही, तसाच ठेवायचा आणि ज्याचे वर्णन करायचे ती वस्तू तेवढी बदलायची. आपल्याकडे चादरीच्या दुकानातली भाषा आयती आहे :

रंग उजळ हवा, वीण घट्ट हवी,
किनार सुटलेली नको.
दोन धुण्यांत विटणार नाही ना?
घडी घालून दाखवा.

या ओळींत मुलगी कुठेच नाही. वर 'पाहण्याचा कार्यक्रम' एवढे शीर्षक दिले की झाले. घोटाळा होतो तो यापुढे. खाली 'मी वस्तू नाही, माणूस आहे!' अशी ओळ येते, टाळ्या पडतात आणि कविता तिथेच बसते. 'घडी घालून दाखवा' ऐकून जो चरकणार होता, त्याला चरकायला वेळच मिळत नाही.

दुसरी चूक नेम धरण्याची, म्हणजे टोला कुणाला मारायचा याची. शेक्सपिअरचे १३० वे सुनीत (चौदा ओळींची कविता) बघा. प्रेयसीचे डोळे सूर्यासारखे नाहीत, ओठ पोवळ्याइतके लाल नाहीत, केस म्हणजे काळ्या तारा! हसू येते, पण शेवटच्या दोन ओळींत कळते की टोला खोट्या उपमा देणाऱ्या कवींना आहे, तिला नाही. आपल्या हास्यसंमेलनांत जाड बायकोवर जे म्हटले जाते त्यात टोला तिच्याच अंगावर बसतो. त्याला उपरोध म्हणू नये.

मार्ज पिअर्सी या अमेरिकन कवयित्रीची 'बार्बी डॉल' त्याहून कठोर आहे. मोठे नाक, जाड पाय यांवरून टोमणे खाऊन कंटाळलेली मुलगी शेवटी तेच कापून देते. शवपेटीत तिला रंगरंगोटी करून, नवे नाक चिकटवून ठेवल्यावर लोक म्हणतात, किती छान दिसतेय! स्तुतीचे वाक्य रोजच्या वापरातले, फक्त जागा बदललेली. कवयित्री त्यावर एका शब्दानेही रडत नाही.

शब्द मात्र ताजे हवेत. १९७५ साली आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने २०२० मध्ये 'फेअर' काढून 'ग्लो' लावले. आता 'गोरी'वर लिहिलेली कविता थोडी जुनी वाटते. 'नितळ', 'फिट', 'प्रेझेंटेबल' हे आजचे शब्द. लग्नाच्या बायोडेटात आणि वधू-वर सूचक मंडळांच्या ग्रुपवर हवे तेवढे सापडतील.

वाचतानाही सपाट वाचावे, गिऱ्हाइकाला माल दाखवणाऱ्या दुकानदारासारखे. आवाज भरून आला की ऐकणाऱ्याला आधीच सुगावा लागतो.

स्पर्धेच्या परीक्षकांना एक विनंती : प्रत्येक कविता एकदा शेवटची ओळ झाकून वाचा. अर्थ पुरा लागत असेल, तर ती ओळ कापायला सांगा आणि गुण त्यानंतरच द्या.

– एक कविताप्रेमी वाचक, सोलापूर