तिकीट वाटणारे मतदार

होबोकन, न्यू जर्सी
१५ जून २०२५

तीर्थरूप अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

निवडणूक ४ नोव्हेंबरला असताना मी १० जूनलाच मतदान कसे केले, असे आपण फोनवर विचारलेत. ते मतदान आमदार निवडण्याचे नव्हते, तर पक्षाचे तिकीट कोणाला द्यायचे हे ठरवण्याचे होते. येथे त्यास प्रायमरी म्हणतात. एबी फॉर्मसाठी आपण पक्षकार्यालयाच्या पायरीवर रात्र काढलीत आणि पहाटे तो भलत्याच्याच खिशात निघाला, त्या रात्रीची मला रांगेत वारंवार आठवण झाली.

टेबलामागच्या बाईंनी यादीत नाव शोधून सही घेतली आणि सरळ पक्ष विचारला. माझी नोंद कोणत्याच पक्षात नसल्याने मागच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात ‘डेमोक्रॅटिक’ म्हणावे लागले, तेव्हा कोठे त्या पक्षाची मतपत्रिका मिळाली. मत गुप्त, पक्ष मात्र चारचौघांत! मी सवयीने डाव्या हाताची तर्जनी पुढे केली, पण येथे शाई नसते.

येथील विधानसभेत ४० मतदारसंघांतून प्रत्येकी दोन असे ८० सदस्य असतात आणि त्यांची मुदत अवघी दोन वर्षांची असते.

मात्र तिकीट मतदारांच्या हाती आहे म्हणून पुढारी हात जोडून बसतात, असे समजू नये. आजवर राज्यातील २१ पैकी १९ काउंट्यांत (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा) ‘काउंटी लाइन’ चालत असे: पक्षसंघटनेने पाठिंबा दिलेल्यांची नावे वरच्या पदापासून खालच्यापर्यंत एकाच ठळक रांगेत छापायची आणि बाकीच्यांना मतपत्रिकेच्या दूरच्या कोपऱ्यात लोटायचे. त्या कोपऱ्यास येथील लोक ‘सायबेरिया’ म्हणत. २०२४ मध्ये सिनेटच्या तिकिटासाठी उभे असलेले येथील खासदार अँडी किम यांनी याविरुद्ध दावा लावला, न्यायालयाने त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत ही रचना रोखली आणि यंदा कायद्यानेच ती गेली. त्यामुळे माझ्या मतपत्रिकेवर एका पदाचे सगळे उमेदवार एकाच चौकटीत होते. एवढ्याशा छपाईच्या फरकाने काय होते ते आमच्याच ३२व्या मतदारसंघात दिसले. हडसन काउंटीच्या पक्षसंघटनेचा पाठिंबा दुसऱ्यांना असूनही होबोकनचे महापौर रवी भल्ला आणि केटी ब्रेनन या दोघांनी तिकिटे मिळवली.

हा भाग डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला असल्याने नोव्हेंबरचे मतदान बहुतांशी उपचारच ठरेल. बालेकिल्ल्यात तिकीट मिळाले की गुलाल आधीच आणून ठेवतात, हे मी आपणांस काय सांगावे! तरीही पक्षासाठी तीस वर्षे सतरंज्या उचललेल्या माणसाचे नाव अशा चौकटीत इतरांच्या बरोबरीने छापले गेले असते, तर आपल्या तालुक्याने काय केले असते, हे मला आपल्याकडून सविस्तर ऐकायचे आहे. पुढील रविवारी फोन करतो.

आईस साष्टांग नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
बाळ