रांचेरा म्हणजे नुसती दारूची गाणी नव्हेत

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतला मेक्सिकोच्या रांचेरा संगीतावरचा लेख वाचला. ‘प्रेमभंग झालेल्या दारुड्यांची गाणी’ असं म्हणून लेखकानं ती निकालात काढली, याचं फार वाईट वाटलं.

नोकरीनिमित्त मी तीन वर्षं मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात राहिले. आमचे घरमालक सत्तरीचे, दिवसभरात चार वाक्यं बोलतील तर शपथ. नातीच्या वाढदिवसाला मारियाची, म्हणजे तिथले गाणारे-वाजवणारे, आले, व्हायोलिन-ट्रम्पेट सुरू झाले, तसे ते उभे राहिले आणि डोळे मिटून ‘एला’ (म्हणजे ‘ती’) हे गाणं गाऊ लागले. गाण्यातली ती सोडून गेलेली. तिला विसरायला म्हणून तो टकिला ही मेक्सिकन दारू घेऊन बसतो. विसरणं राहतं बाजूला, त्या टकिलानं आणि मारियाचींच्या सुरांनी त्याला रडूच फुटतं. नेमका तिथं घरमालक काकांचा आवाज फाटला. मागून कुणीतरी लांबलचक आरोळी ठोकली. ती दाद असते आणि हुंदकाही. काकांच्या हातातल्या ग्लासात होतं लाल अंबाडीचं सरबत. डॉक्टरांनी दारू बंद केल्याला बरीच वर्षं झाली होती.

हे गाणं होसे आल्फ्रेदो हिमेनेस यांचं. जन्म १९२६, गाव दोलोरेस हिदाल्गो. ना नोटेशन येत होतं, ना वाद्य. हॉटेलात वेटरची नोकरी करत गाणी रचली. चाल गुणगुणून दाखवायचे, जाणकार ती लिहून घ्यायचे. १९७३ मध्ये यकृताच्या सिरॉसिसनं गेले, वय अवघं ४७. दारूनं त्यांचा जीव घेतला, हे झाकायचं कारणच नाही. पण त्यांच्या गाण्यातली दारू दुःख बुडवत नाही, वर आणते. एरवी मिशीला पीळ देणाऱ्या पुरुषानं चारचौघांत रडायचं कुठं? कांतीनात, म्हणजे तिथल्या दारूच्या गुत्त्यात, गाण्याच्या आडोशानं.

लेखात रांचेरा गायिका चावेला वार्गास यांचं नावही नाही, ही मोठी उणीव. दारूपायी त्या कित्येक वर्षं रंगमंचापासून दूर होत्या. दारू सोडून, सत्तरी ओलांडल्यावर परतल्या. मारियाचींचा ताफा नाही, नुसती गिटार. पुरुषानं बाईसाठी लिहिलेले शब्द त्या जसेच्या तसे, बाईलाच उद्देशून गायच्या. त्यांच्यावर पुरवणीत स्वतंत्र लेख यावा, ही कळकळीची विनंती.

आपली नियमित वाचक,
नाशिक